रसदतोडीची कुळकथा

लढायांच्या इतिहासात थोरल्या लढाईला नाव, तिथी आणि स्मारक लाभते, आणि तिच्या आधी एखाद्या खिंडीत, पाणवठ्यावर किंवा घाटाच्या नाक्यावर मूठभर माणसांत जी झटापट झालेली असते तिच्या वाट्याला बहुधा तळटिपेतील एखादी ओळ येते. हा न्याय वरकरणी योग्यच दिसतो, कारण अशा झटापटीत ना राज्य बुडालेले असते, ना तह झालेला असतो, ना मेलेल्यांची गणती फार मोठी असते. परंतु ज्यांना युद्धाच्या निकालापेक्षा युद्धाच्या रीतीत अधिक रस आहे त्यांनी या तळटिपाच आधी वाचाव्यात. दोन सत्ता प्रथम एकमेकींच्या अंगाला भिडतात त्या वेळी, पुढे वर्षानुवर्षे त्या कोणत्या प्रकारे भांडणार, कोणाचे बळ कशात आहे आणि कोणाचा पाय कोठे घसरणार, हे सर्व त्या पहिल्या झटापटीतच उघडे पडते. ते वाचण्याची बुद्धी मात्र बहुधा दोघांपैकी एकालाच होते.

प्रस्तुत लेखात अशाच एका रीतीची कुळकथा सांगावयाची आहे. शत्रूशी उघड्या मैदानात भिडावयाचे नाही. त्याला आत येऊ द्यावयाचे, त्याची दाणावैरण बंद करावयाची, कहीला, म्हणजे दाणावैरण गोळा करावयास, बाहेर पडलेले स्वार व बैल मारावयाचे, मागची वाट तोडावयाची आणि भुकेपेक्षा भुकेच्या भयाने त्याला वाकवावयाचे, अशी ही रीत. बखरींतून आणि पेशवे दप्तरातील पत्रांतून ती पानोपानी आढळते. तिचा जन्म अन्यत्र झाला असला तरी ती वाढली, वयात आली, म्हातारी झाली आणि कालांतराने एका निराळ्याच रूपाने पुन्हा जन्मली ती कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत.

याचे कारण या प्रदेशाच्या ठेवणीत आहे. कर्जत स्थानकाला लागून असलेल्या भिसेगावाहून चौफेर दृष्टी टाकली, तर आग्नेयेस राजमाचीचे जोडशिखर, ईशान्येस कोथळीगडाचा सुळका, वायव्येस माथेरानचा सपाट माथा, आणि पूर्वेच्या सबंध क्षितिजावर सह्याद्रीची एकसंध भिंत असा देखावा आहे. या भिंतीच्या खालच्या अंगाला मुंबई, पनवेल, कल्याण ही बंदरे. वरच्या अंगाला मावळ, पुणे आणि दख्खनचा सारा मुलूख. कल्याणहून उल्हास नदीच्या खोऱ्याने वर येणारी वाट राजमाचीच्या पायथ्याशी कोंढाण्याच्या लेण्यांजवळून जाते, आणि पनवेलहून निघणारी वाट चौक, खालापूर, खोपोली असे मुक्काम करीत बोरघाटाच्या तोंडाशी येते. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत अंतर थोडे, पण चढ दीड-पावणेदोन हजार फुटांचा. या चढावर तोफा ओढावयाच्या तर बैल हवेत, बैलांना वैरण हवी, वैरण वाहावयास पुन्हा बैल हवेत. म्हणजे सेना जितकी मोठी तितके तिचे पोट मोठे आणि तिचे शेपूट लांब. हे शेपूट घाटात अडकले की वरचे डोके कितीही शूर असले तरी निरुपयोगी होते, हा या भूगोलाचा कायदा आहे, आणि ज्याने तो प्रथम ओळखला तो या रीतीचा धनी झाला.

रीतीचा मूळपुरुष मात्र घाटाखालचा नव्हे. तो मान अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याचा. दिल्लीच्या बादशहाचा खजिना आणि फौज यांच्याशी आपली बरोबरी होणार नाही हे ओळखून त्याने हलक्या मराठी स्वारांची पथके उभारली आणि मोगलांच्या मुख्य सैन्याला बगल देऊन त्यांच्या दाणापाण्यावर घाला घालण्याचा धडा घालून दिला. १६२४ साली अहमदनगरजवळ भातवडी येथे मोगल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजा एकत्र येऊन ठाकल्या असता त्याने तलावाचा बांध फोडून त्यांची छावणी चिखलात रुतविली आणि अन्नधान्यावाचून जेरीस आणली. त्या लढाईत अंबराच्या बाजूने शहाजीराजे भोसले होते. वडिलांच्या डोळ्यांदेखत घडलेला हा पाठ पुत्राने सह्याद्रीत नेला, आणि मैदानी रीतीला डोंगराची जोड मिळाली.

ही जोड प्रथम लखलखीतपणे दिसली ती २ फेब्रुवारी १६६१ रोजी, खालापूर तालुक्यातील चावणी गावाजवळ, उंबरखिंडीत. शिवाजीमहाराज आणि मोगल यांचे वैर तेव्हा नवे नव्हते. १६५७ मध्ये जुन्नर लुटले गेले होते, आणि १६६० च्या उन्हाळ्यात पुण्यात येऊन बसलेल्या शायिस्ताखानाने चाकणचा भुईकोट सुमारे दोन महिने झुंजून घेतला होता. तथापि चाकणचा प्रकार हा वेढ्याचा. त्यात तोफा, सुरुंग आणि संख्या यांचे चालणारच. मोगलांची एक अख्खी फौज चालती असताना तिचे काय करावयाचे, या प्रश्नाचे उत्तर अद्याप मिळावयाचे होते. ते मिळविण्याची संधी खानानेच दिली. कोकणपट्टीतील मुलूख घेण्यासाठी त्याने कारतलबखान नावाच्या उझबेक सरदाराला धाडले आणि त्याच्या सोबत माहूरच्या देशमुख घराण्यातील पराक्रमी स्त्री रायबागन हिला दिले.

खान नेहमीच्या बोरघाटाने न उतरता लोहगडाच्या बाजूने कुरवंड्याच्या घाटाने उतरला. वाट अरुंद, दोन्ही बाजूंस गर्द रान, वारा नाही, पाणी नाही. कवींद्र परमानंदाने आपल्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात या प्रसंगाचे सविस्तर वर्णन केलेले आहे. मराठ्यांनी खानाला घाट उतरू दिला, खिंडीत शिरू दिले, आणि मग पुढचे तोंड व मागचे तोंड दोन्ही बंद केली. झाडीतून बाण आणि गोळ्या सुरू झाल्यावर खानाला आपल्या फौजेची संख्या हीच आपली अडचण आहे हे कळून चुकले. अखेर रायबागनच्या सल्ल्याने त्याने शरणागती पत्करली. महाराजांनी त्याचा जीव घेतला नाही. द्रव्य, सामान आणि लढाऊ सरंजाम खाली ठेवून रिकाम्या हाताने परत जावे, एवढीच अट घातली. या अटीतच रीतीचा सारा अर्थ साठवलेला आहे. ज्याचे सामान गेले त्याचे युद्ध संपले. त्याचे शिर कापून अधिक काही साधत नाही, उलट जिवंत परतलेला सैनिक पुण्याच्या छावणीत जे सांगेल त्याचा उपयोग शिरापेक्षा मोठा. पुढे १६६३ मध्ये लाल महालावरील छाप्याने शायिस्ताखानाची नाचक्की झाली ती जगप्रसिद्ध आहे. पण मोगली फौज घाटाखाली किती आंधळी होते याचा दाखला दोन वर्षे आधीच खालापूरच्या रानात नोंदला गेला होता.

आता या वंशातील सर्वांत विस्तृत शाखेकडे वळू. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला, पुण्याच्या कारभाऱ्यांच्या बारभाई मंडळाने त्यांचे चुलते राघोबादादा यांस दूर सारले, आणि दादांनी मुंबईकर इंग्रजांचा आश्रय घेतला. १७७५ मध्ये सुरतेचा तह आणि गुजराथेतील अडासची लढाई, १७७६ मध्ये पुरंदरचा तह, असे एक आवर्तन होऊन गेले. पुढे पुण्याच्या दरबारात फ्रेंचांचा प्रवेश होतो आहे हे निमित्त पुढे करून गव्हर्नर विल्यम हॉर्नबी आणि मुंबईचे कौन्सिल यांनी दादांस पुण्याच्या गादीपाशी नेऊन बसविण्याचा बेत पुन्हा उचलला. नोव्हेंबर १७७८ मध्ये कॅप्टन जेम्स स्टुअर्ट हा थोड्या पलटणी आणि हलक्या तोफा घेऊन पुढे निघाला व त्याने बोरघाट ताब्यात घेतला. घाटाच्या तोंडाशी त्याला कोणी अडविले नाही.

मुंबईकरांनी याचा अर्थ असा लावला, की मराठे बेसावध आहेत आणि पुणे हाताशी आले. खरा अर्थ उंबरखिंडीत शतकापूर्वीच लिहिला गेलेला होता. घाट चढणाऱ्यास अडविण्यापेक्षा त्याला चढू देऊन मागची वाट तोडणे हेच या मुलखात स्वस्त पडते, हे नाना फडणीस, महादजी शिंदे, हरिपंत फडके आणि तुकोजी होळकर यांना ठाऊक होते. नकाशे काढणाऱ्या मुंबईच्या अधिकाऱ्यांना ते ठाऊक नव्हते. कर्नल एगर्टन हा वयाने व प्रकृतीने थकलेला सेनापती, त्याच्या डोक्यावर कार्नाक व मॉस्टिन या मुलकी गृहस्थांची समिती, सुमारे चार हजार लढाऊ माणसे, आणि त्यांच्या पाठीशी दाणा व तोफा ओढणारे १९,००० बैल, असा हा लवाजमा डिसेंबरच्या उत्तरार्धात घाटमाथ्यावर आला. लढणाऱ्या दर माणसामागे जवळजवळ पाच बैल पडतात, हे गणित लक्षात घेतले म्हणजे सेना कोण व सरंजाम कोण असा प्रश्न पडतो.

घाटमाथ्यापासून कार्ल्यापर्यंतचे आठ मैल चालावयास या सेनेला अकरा दिवस लागले. या अकरा दिवसांत मोठी लढाई एकही झाली नाही. झाल्या त्या केवळ चकमकी. भिवराव पानसे यांच्या तोफा टेकडीच्या आडून चालत, इंग्रजांनी मोर्चा वळविला की उठून दुसरीकडे जात. स्वारांची पथके बैलांच्या रांगेवर पडत आणि पलटण फिरून उभी राहीपर्यंत दिसेनाशी होत. ३१ डिसेंबरला कर्नल के हा उत्तम अधिकारी प्राणांतिक जखमी झाला. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्यास खुद्द स्टुअर्ट पडला. टेहळणीसाठी तो झाडावर चढला असता तोफेचा गोळा लागला, असे परंपरा सांगते. या अधिकाऱ्याची धडाडी मराठ्यांच्या इतकी नजरेत भरली होती, की त्याला त्यांनी आपल्या मानाजी फाकड्याच्या पंगतीस बसवून ‘इष्टुर फाकडा’ असे नाव दिले, आणि ग्रँट डफसारख्या इंग्रज इतिहासकारालाही ते नोंदवून ठेवावे लागले. वडगावात त्याची समाधी दाखवितात. शत्रूच्या सेनापतीचे नाव विसरावे आणि त्याच्या एका कप्तानाचे नाव दोनशे वर्षे जपावे, यात मराठी मनाची रसिकता आहेच. पण त्या सेनेत रीत समजलेला माणूस कोण होता याची अचूक पारखही आहे.

के आणि स्टुअर्ट यांच्या मृत्यूंचा हिशेब निव्वळ संख्येने केला तर तो दोन. परंतु या सेनेत पुढे धावून वाट हेरणारे जे डोळे होते ते या दोन चकमकींत मिटले. ६ जानेवारीस एगर्टनने आजारपणाचे कारण देऊन अधिकार सोडला आणि कर्नल कॉकबर्न त्याच्या जागी आला. एगर्टन मुंबईस परत जावयास निघाला तर वाट तोडलेली. निरुपायाने तो पुन्हा त्याच सेनेत येऊन दाखल झाला. पदभार सोडलेल्या सेनापतीलाही घरी जाण्यास रस्ता नाही, याहून स्पष्ट खलिता मराठ्यांनी धाडला नसता.

९ जानेवारीस इंग्रज तळेगावास पोहोचले ते जळून गेलेल्या गावात. पुढे चिंचवड आणि वेळ पडल्यास खुद्द पुणेही जाळून टाकण्याची तयारी आहे, अशा बातम्या छावणीत येत होत्या. पुणे अवघे १८ मैलांवर, आणि विशेष हे, की कोठारात अजून १८ दिवसांचा शिधा शिल्लक होता. तरीही ११ जानेवारीच्या रात्री अवजड तोफा तलावात ढकलून व सामानाला आग लावून ही सेना माघारी वळली. रसदतोडीचे खरे मर्म या अठरा दिवसांत आहे. उपाशी माणूस शरण येतो हे कोणालाही समजते. भरल्या कोठारासमोर बसलेला सेनापती उद्याच्या उपासाला भिऊन आज माघार घेतो, हे साधण्यासाठी मात्र आधीच्या अकरा दिवसांच्या चकमकी लागतात. प्रत्येक चकमकीत पाचपंचवीस माणसे आणि काही बैल एवढाच तोटा होत होता. पण त्याबरोबर आपल्या मागे काहीही सुरक्षित नाही ही जाणीव दररोज थोडी थोडी वाढत होती, आणि तळेगावास तिने शिध्याच्या हिशेबाला मागे टाकले.

पुढचे सर्वश्रुत आहे. माघारी वळताच मराठ्यांनी चोहोंकडून घेरले. कॅप्टन हार्टलीने पिछाडी सांभाळली म्हणून सर्वनाश टळला. साडेतीनशेच्या आसपास माणसे मेली, जखमी झाली वा नाहीशी झाली, आणि जानेवारीच्या मध्यास वडगावचा करार झाला. राघोबादादा महादजींच्या स्वाधीन झाले, साष्टीसह घेतलेला मुलूख परत देण्याचे कबूल झाले, आणि फार्मर व (कार्ल्यास पडलेल्या स्टुअर्टहून निराळा) लेफ्टनंट स्टुअर्ट हे दोघे ओलीस राहिले.

योगायोग असा, की इंग्रजांच्याच दुसऱ्या एका सेनेवर अटलांटिक महासागरापलीकडे हाच प्रसंग नुकताच येऊन गेला होता. अमेरिकेतील स्वातंत्र्ययुद्धाची पहिली चकमक १९ एप्रिल १७७५ रोजी लेक्सिंग्टन येथे झडली, म्हणजे अडासच्या लढाईच्या एक महिना आधी. तीत आठ वसाहतवाले मेले. आणि इंग्रज पलटणी निघाल्या होत्या त्या कॉन्कर्ड येथील दारूगोळ्याचे कोठार उचलण्यासाठी. त्या दिवशी परतीच्या वाटेवर कुंपणांच्या व झाडांच्या आडून शेतकऱ्यांनी त्यांना ज्या प्रकारे टिपले, त्याच प्रकारची मोठी आवृत्ती ऑक्टोबर १७७७ मध्ये साराटोगा येथे निघाली. सामानाच्या ओझ्याखाली रानातून रखडत चाललेल्या जनरल बर्गॉइनने तेथे अख्खी सेना शरण दिली. साराटोगा आणि वडगाव यांत सव्वा वर्षाचे अंतर आहे. दोन्हीकडे पहिल्या चकमकीने पुढच्या पराभवाची रूपरेषा आखून दिली होती, आणि दोन्हीकडे ती वाचण्याचे काम सेनापतींनी टाळले.

वडगावचा करार मुंबईने व कलकत्त्याने मानला नाही, आणि बंगालहून आलेल्या कर्नल गॉडर्डने १७८० च्या अखेरीस वसई घेतली. त्यानंतर फेब्रुवारी १७८१ मध्ये त्याने बोरघाट घेतला. पुन्हा तोच घाट, पुन्हा तीच सहजता. गॉडर्ड एगर्टनपेक्षा सर्वतोपरी सरस. त्यामुळे त्याने माथ्यापलीकडे पाऊल टाकले नाही, खोपोलीस तळ देऊन नुसत्या धाकावर पुणे दरबाराकडून तह मिळविण्याची वाट पाहिली. म्हणून मराठ्यांनी डावाचे तोंडच फिरविले. कार्ल्यास जे वरच्या अंगाला केले ते आता खालच्या अंगाला. परशुरामभाऊ पटवर्धन कोकणात उतरले आणि पनवेल ते खोपोली या पट्ट्यात, विशेषतः चौकच्या आसपास, धान्याचे तांडे मारू लागले. मार्चमध्ये कॅप्टन मॅके आणि एप्रिलमध्ये कर्नल ब्राउन यांना प्रत्येक तांडा लढत लढत आणावा लागला. घाटाच्या पायथ्याशी बसलेल्या सेनेला पाठीमागच्या बंदराहून पोटाला आणण्यासाठी निम्मी शक्ती खर्चावी लागू लागली, तेव्हा गॉडर्डने एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात तळ हलविला. खालापूर, चौक, पनवेल या तीन मुक्कामांत हरिपंत, होळकर आणि परशुरामभाऊ त्याच्या मागे लागले होते. ४६६ माणसे मेली किंवा घायाळ झाली. पुढे १७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह झाला, साष्टी इंग्रजांकडे राहिली, बाकीचा बराच मुलूख परत आला आणि दोन्ही सत्तांत सुमारे वीस वर्षांची शांतता नांदली. नाना फडणिसांनी बांधविलेला तलाव आणि महादेवाचे देऊळ खोपोलीस आजही आहे. ज्या ठिकाणी शत्रूची फौज रसदीची वाट पाहत बसली होती तेथेच वाटसरूंच्या पाण्याची सोय या मुत्सद्द्याने करावी, हे त्याच्या स्वभावाला साजेसेच झाले.

येथपर्यंत वाचून कोणाची अशी समजूत होईल, की घाट आणि घाला एवढे असले की विजय ठरलेलाच. ती समजूत याच परिसरातील, तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाच्या आरंभीची एक छोटी चकमक दूर करते. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीस तोफा सुरू झाल्या त्याच सुमारास कर्जत तालुक्यातील पेठजवळचा कोथळीगड बापूराव लांब्या नावाच्या पेशव्यांच्या पक्षपात्याने अचानक छापा घालून घेतला. ही तीच जुनी रीत. घाटाखालचा एक गड हाती असला की वरखाली जाणाऱ्या वाटांवर नजर राहते. पण ३० डिसेंबरला कॅप्टन ब्रुक्स रात्रीतून कूच करून आला आणि एकही माणूस न गमावता त्याने गड परत घेतला. पुढच्या काही महिन्यांत कर्नल प्रोथरने राजमाचीसह आसपासचे किल्ले एकामागून एक उतरविले. डोंगर तेच होते, वाटा त्याच होत्या, छापाही तसाच होता. मग फळ निराळे का आले? एक तर कोकणपट्टी आणि समुद्र इंग्रजांच्या हाती पक्के गेले होते, त्यामुळे त्यांच्या रसदीला तुटण्याजोगे शेपूटच उरले नव्हते. दुसरे, आणि अधिक खोल कारण असे, की मामलतींचे मक्ते देऊन दुसऱ्या बाजीरावाने रयतेला इतके पिळले होते, की त्याच्यासाठी वाट तोडावयास, बातमी आणावयास किंवा आपले गाव स्वहस्ते जाळावयास कोणी पुढे येईना. जो इतरांची रसद तोडू पाहतो त्याची स्वतःची रसद म्हणजे त्या मुलखातील माणसे. ती तुटली की रीत निर्जीव होते. कोथळीगडची चकमक ही त्या युद्धाचा आरंभ होती आणि तिच्यातच त्याचा शेवट वाचता येत होता.

विजेत्यांनी मात्र धडा घेतला. घाट पुन्हा आपल्या आड येऊ नये म्हणून त्यांनी घाटच बदलला. १८३० मध्ये गव्हर्नर माल्कमच्या हस्ते बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला. १८५६ मध्ये आगगाडी खोपोलीपर्यंत आली, १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे सुरू झाली, आणि मधला चढ उतारू पालखीने, तट्टावर किंवा बैलगाडीने पार करीत. अखेर १८६३ मध्ये कर्जतकडून निघून पळसदरीवरून चढणारा रेल्वेघाट पुरा झाला. सुमारे पावणेसोळा मैल लांबी, १,८३१ फूट चढ, २५ बोगदे, काही ठिकाणी ३७ फुटांस एक फूट चढण. ऐन कामाच्या काळात चाळीस हजारांवर मजूर तेथे खपत होते, आणि पटकी व तापाने त्यांतील हजारो माणसे दगावली. एखाद्या मोठ्या युद्धात जावीत इतकी माणसे या घाटाने शांततेच्या काळात घेतली. गाडी सुरू झाल्यावर एगर्टनच्या १९,००० बैलांचे काम काही तासांवर आले. पुण्याकडे चढणाऱ्या गाड्यांना मागून जोर देणारी जादा इंजिने आजही कर्जत स्थानकात लागतात, तेव्हा भिसेगावकरांना त्यात नवल वाटत नाही. पण मराठ्यांची दोन शतकांची युद्धनीती ज्या चढावर उभी होती, तो चढ जिंकला गेला तो याच ठिकाणी.

घाट जिंकला गेला म्हणून ही रीत निर्वंश झाली, असे मानावयास एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हरकत नव्हती. परंतु विसाव्या शतकात घाटावरून एक नवी रसद खाली उतरू लागली. लोणावळ्याच्या परिसरात धरणे बांधून टाटांनी तेथील पाणी नळांतून खोपोलीस उतरविले आणि १९१५ पासून त्यावर वीज निर्माण केली; १९२२ मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरी येथे दुसरे केंद्र उभे राहिले. मुंबईच्या गिरण्या आणि पुढे आगगाड्याही या विजेवर चालू लागल्या. म्हणजे पूर्वी खालून वर जाणारा दाणा घाटात तोडता येत असे, तशी आता वरून खाली जाणारी शक्ती तोडता येण्याजोगी झाली.

हे ज्याने ओळखले तो कोणी सरदार नव्हता. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल यांनी कर्जतच्या परिसरातील शेतकऱ्यांसाठी आधी धान्यकोठ्या काढल्या होत्या आणि खेडोपाडी शाळा सुरू केल्या होत्या. सावकाराच्या दारी न जाता पावसाळ्यात घरात दाणा असावा, हा त्यामागील हेतू. १९४२ च्या ऑगस्टमध्ये ‘छोडो भारत’चा ठराव होऊन नेते तुरुंगात गेले, तेव्हा कोतवालांनी भूमिगत होऊन आझाद दस्ता उभारला, आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात डोंगरकपारीतून मुंबईकडे जाणारे विजेचे मनोरे करवतींनी कापून आडवे केले. गिरण्यांचा आणि गाड्यांचा वीजपुरवठा खंडित झाला. माणूस न मारता शत्रूचे यंत्र थांबविण्याची उंबरखिंडीतील अट नव्या काळात नव्या हत्याराने पुरी झाली. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे सिद्धगडच्या रानात पोलिसांनी दस्त्यास गाठले आणि कोतवाल व हिराजी पाटील यांना वीरमरण आले. सरकारी दप्तराच्या दृष्टीने ती एक किरकोळ चकमक होती.

असा हा वंश. भातवडीस जन्म, उंबरखिंडीत मौंज, कार्ले व चौक येथे ऐन तारुण्य, कोथळीगडावर वार्धक्य आणि सिद्धगडावर पुनर्जन्म. या सगळ्या प्रसंगांत शस्त्र बदलले, पक्ष बदलले, तोडावयाची वस्तूही बदलली. न बदललेली गोष्ट एकच, की ज्याच्या पाठीशी या दोन तालुक्यांतील माणसे उभी राहिली त्याची चकमक कितीही लहान असली तरी फुकट गेली नाही, आणि ज्याच्यामागे ती उभी राहिली नाहीत त्याला कोथळीगडासारखा बेलाग गडही दीड-दोन महिन्यांपलीकडे पुरला नाही. बाजीरावाजवळ गड होता, माणसे नव्हती. कोतवालांजवळ गड नव्हता, पण त्यांनी आधी कोठ्या भरल्या होत्या व नंतर मनोरे तोडले होते. म्हणूनच त्यांना पाड्यापाड्यावर भाकरी आणि आसरा मिळाला. दुसऱ्याची रसद तोडण्याचा अधिकार ज्याने आधी आपल्या लोकांची रसद राखली त्यालाच पोहोचतो, हा या कुळाचा कुळाचार आहे, आणि जो कोणी तो मोडील त्याला घाट साहाय्य करीत नाही.